नाश्त्यानंतर वडील वारतात

माझे वडील रोज नाश्त्यानंतर वारतात. गर्दी असली तर दुपारच्या जेवणाआधी आणखी एकदा. मीच मारतो त्यांना. तो माझ्या कामाचा भाग आहे आणि त्या कामाला पगार नाही, तेव्हा माझ्यावर रागवायचं असेल तर जरा बेतानं रागवा.

आधी काम काय ते सांगतो. परदेशात समुद्राला लागून एक रिसॉर्ट आहे. सुट्टीवर आलेल्या जोडप्यांना आमची माणसं रस्त्यात गाठतात आणि फुकट नाश्ता, फुकट बोटीची फेरी कबूल करतात. अट एवढीच की नाश्ता झाल्यावर थोडा वेळ बसून आमचं ऐकायचं. ते ऐकवणारा मी. रिसॉर्टमधल्या एका फ्लॅटमधला वर्षाचा एक आठवडा मी त्यांना विकतो, जन्मभरासाठी. फ्लॅट त्यांचा नाही, भिंती त्यांच्या नाहीत, फक्त तो आठवडा त्यांचा. विकला तर कमिशन. नाही विकला तर त्यांचं पोट भरलं, माझा घसा सुकला, या आता.

हॉल मोठा आहे. एक भिंत सबंध काचेची, तिच्यापलीकडे समुद्र. नवरा-बायकोला नेहमी समुद्राकडे तोंड करून बसवायचं आणि आपण बायकोच्या बाजूला बसायचं. गाणी मोठ्यानं लावलेली असतात, कारण एका टेबलावरचं ‘नको’ दुसऱ्या टेबलाला ऐकू जाता कामा नये. कुणी सही केली की गाणं थांबतं, घंटा वाजते आणि आम्ही सगळे टाळ्या पिटतो, आत कितीही जळत असलं तरी. आपला नंबर पुकारला जाईपर्यंत मागच्या बाकावर बसायचं असतं. मला त्या बाकावर कधी धड बसता आलेलं नाही. मी उठतो, पाणी पितो, जिन्यापर्यंत जातो, परत येतो. शेजारचा म्हणतो, बस की, तुझ्यामुळे मलाही बसवत नाही.

आमच्या मॅनेजरला आम्ही ढोल म्हणतो, कारण बोलताना तो समोर असेल ते टेबल बडवतो. पहिल्याच आठवड्यात त्यानं आम्हाला शिकवलं की आकडे ऐकून कुणी काही घेत नाही. “माणूस घाबरला की घेतो. प्रत्येकाला घरातलं एक गेलेलं माणूस लागतं. ज्यानं सगळं नंतरवर टाकलं आणि नंतर काही आलंच नाही, असं माणूस.” कुणी आत्या घेतली, कुणी थोरला भाऊ घेतला. माझ्या घरी सगळे ठणठणीत. ढोल म्हणाला, “मग निवड.”

मी बाबांना निवडलं, कारण अर्धं काम त्यांनीच करून ठेवलं होतं. आई आयुष्यभर म्हणत आली, एकदा समुद्र बघू या. आणि बाबा म्हणत आले, रिटायर झालो की बघू. हे अगदी खरं आहे. रिटायर झाल्यावर त्यांचे गुडघे दुखायला लागले, मग पंखा बिघडला, मग असंच. इथपर्यंत त्यांचं. पुढचं माझं. “मार्चमध्ये रिटायर झाले, जूनमध्ये गेले. आईनं अजून समुद्र बघितलेला नाही.” एवढं बोलून मी काचेकडे बघतो आणि गप्प बसतो. तेवढ्यात बायको नवऱ्याकडे बघते. विक्री होते ती तिथेच.

पण त्या महिन्यात ती कुठेच होत नव्हती. बाबा रोज जात होते आणि माणसं हळहळून, बोटीचं कूपन खिशात घालून उठत होती. आमच्याकडे नियम सरळ आहे. महिनाभर ज्याच्या नावावर काही नाही, त्यानं हॉल सोडायचा. इथे राहायचा परवाना कंपनीचा, खोली कंपनीची, तेव्हा हॉल सोडायचा म्हणजे देशच सोडायचा. आणि घरी, बाबांनी गल्लीभर सांगून ठेवलेलं की मुलगा मोठ्या हॉटेलात ऑफिसर आहे. मी काय तोंड घेऊन परत जाणार होतो? महिना संपत आला होता आणि रात्री डोळा लागत नव्हता. आढ्याकडे बघत मी मनातल्या मनात गोष्ट घोटून घेत होतो, बाबांना खोकला लावू का, की दवाखान्यातलं एखादं वाक्य घालू.

अशात एका सकाळी ढोलनं मला बोलावलं. “तुमच्या भाषेतले आलेत. जा.”

खरं सांगतो, आपल्या भाषेतलं गिऱ्हाईक मला नको असतं. बाकीचे विचारतात, किंमत किती, हवा कशी. आपली माणसं विचारतात, कुठले तुम्ही? आणि मग ‘कुणाचे’, आणि मग ‘म्हणजे त्या अमक्यांच्या शेजारी का’. त्यासाठी मी उत्तर तयार ठेवलं होतं, की वडिलांच्या बदल्या फार, सगळीकडेच राहिलो. तेवढ्यानं निभायचं.

काका वीज मंडळातून रिटायर झालेले, बोलणं मोजकं. काकू शिवणाचे क्लास घ्यायच्या, बोलणं अखंड. हातात फोन, आणि फोननं समुद्राचं चित्रण चाललेलं. मी खुर्ची ओढली, नमस्कार केला, तर त्यांनी फोन खाली न घेता विचारलं, “बोलण्यावरून आमच्याच बाजूचा वाटतोस. कुठला रे तू?”

बदल्यांचं उत्तर ओठांवर होतं. पण काकूंनी ‘रे’ म्हटलं होतं, आणि मला किती दिवसांत कुणी ‘रे’ म्हटलं नव्हतं. शिवाय विक्री हवी होती, हेही खरंच. मी गावाचं नाव सांगून टाकलं.

काकांनी पहिल्यांदा मान वर केली. “आमचंच की. कुठे राहता?”

“पोस्टाच्या मागे.”

“पिठाच्या गिरणीपाशी?” काकूंनी फोन खाली ठेवला.

“गिरणीच्या वरच,” मी म्हणालो.

मग काय, टेबल राहिलं बाजूला आणि गिरणीवाल्याच्या मुलीचं लग्न, पोस्टातली रांग, नवीन झालेला पूल, सगळं झालं. काकू म्हणाल्या, तू तर आमच्या मुलासारखा. काका हसले. असं टेबल मला महिन्यात मिळालं नव्हतं. आणि पलीकडून ढोलनं हात वर केला. त्याचा अर्थ, आता गोष्ट.

मला तिथेच थांबता आलं असतं. माणूस ज्या गल्लीत रोज भाजी आणतो, तिथून दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या लोकांना तो वारला म्हणून सांगू नये, एवढी अक्कल मला आहे. पण जिभेला वळण पडलेलं असतं. रिटायर झालो की बघू, एवढं म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. मार्च, जून, समुद्र. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला, लग्नानंतर पहिल्यांदाच ठेवत असावेत इतका अवघडून, आणि मला म्हणाले, “कुठे सही करायची?”

घंटा वाजली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

आता यात एक गोम आहे. सही केल्यावर काही दिवस गिऱ्हाइकाला माघार घेता येते. कायदाच आहे तसा. तोवर विक्री लटकलेली. बहुतेकांचं असं होतं की घरी जातात, मुलगा किंवा जावई विचारतो, तुम्हाला वेड लागलंय का, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीला पत्र. म्हणून ते दिवस आम्ही जीव मुठीत धरून काढतो. काका-काकू परत गेले आणि मी रोज फोन उलटा करून ठेवायचो, परत सुलटा करायचो. जेवताना ताट हातात घेऊन फिरत होतो.

फोन आला तो काकूंचाच. मी म्हटलं, संपलं.

“अरे, घाबरू नकोस, आमचं काही बदललं नाही,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी पोस्टात जायचंय यांना. म्हटलं, तशाच तुझ्या आईला भेटून येऊ. मी समुद्राचं सगळं चित्रण करून आणलंय, त्यांना दाखवते. बिचाऱ्यांनी बघितला नाही म्हणालास ना. तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही बघ.”

मी म्हणालो, काकू, कशाला त्रास. त्या म्हणाल्या, त्रास कसला, आपली माणसं आपण नाही बघायची तर कुणी बघायची. आणि ठेवला फोन. असं कुणी करतं का? कुठल्या दुसऱ्या देशातलं गिऱ्हाईक विक्रेत्याच्या आईचं सांत्वन करायला तिचा जिना चढतं? पण आपली माणसं चढतात. मीच त्यांना पत्ता दिला होता, तोही अगदी गिरणीसकट.

मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला. आईनं घेतला.

“आई, उद्या सकाळी दोघं येतील. बाबांना जरा बाहेर पाठव.”

“का?”

मी इकडचं तिकडचं बोलून बघितलं. आईसमोर ते चालत नाही. शेवटी सांगितलं सगळं.

“माझ्या जित्याजागत्या नवऱ्याला तू मेला म्हणालास,” ती म्हणाली. “जीभ कशी वळली रे तुझी?”

“तू काही म्हणू नकोस. तू फक्त गप्प बस. नाहीतर दारच उघडू नकोस.”

“दारात आलेल्या माणसांना परत पाठवू? आणि तीही बिचारी माझ्या दुःखासाठी येणार.” मागून बाबांचा आवाज आला, काय झालं गं. आई म्हणाली, “काही नाही. तुम्ही वारलात.”

बाबांनी फोन घेतला. मी मान खाली घालून उभा होतो, जणू ते समोरच आहेत.

“कधी?” त्यांनी विचारलं.

“जूनमध्ये.”

“कशानं?”

“हार्ट.”

“हं.” मग म्हणाले, “विकलं गेलं का?”

“गेलं. पण त्यांना कळलं तर परत जाईल. मग मलाही परत यावं लागेल, बाबा.”

“बरं,” बाबा म्हणाले. “सकाळी म्हणजे साधारण किती वाजता येतील ते?” मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला टेबल मिळालं. चांगलं जोडपं होतं, तरुण, नवरा सारखा बायकोला विचारणारा. मी गोष्टीपर्यंत आलो आणि थांबलो. तिकडे त्या वेळी आमच्या घरात बाबांच्या दुखवट्याला माणसं बसली असणार, आणि इथे मी त्यांना पुन्हा मारणार? मी फ्लॅटमध्ये फ्रिज किती मोठा आहे ते सांगत बसलो. ते उठून गेले. ढोलनं टेबलावर हात आपटून विचारलं, “बाप कुठे गेला आज?” मी म्हणालो, “घरी आहे.” त्याला तो विनोद वाटला.

तिकडे काय झालं ते आईनं संध्याकाळी सांगितलं. आधी म्हणाली, मी तुझ्याशी बोलणार नाही आणि यांच्याशीही बोलत नाहीये. मग न थांबता बोलली.

बाबांनी सकाळी लवकर दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. आईला वाटलं बाहेर जातायत. बेल वाजल्यावर तेच उठले, दार उघडलं आणि म्हणाले, “या. मी गेलेल्याचा मोठा भाऊ.”

“म्हणजे मला काही करता येईना,” आई म्हणाली. “मी आत जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच परत घासली. त्यांना वाटलं, मी रडतेय. मी रडत नव्हते, मला इतका संताप आला होता की बाहेर आले असते तर सगळंच बोलून बसले असते.”

बाहेर काकूंनी बाबांना समुद्र दाखवला. सगळा. सकाळचा, दुपारचा, बोटीवरून काढलेला, काकांचा अंगठा मध्ये आलेला. बाबा चष्मा लावून शेवटपर्यंत बघत होते. मग काकूंनी विचारलं, तुमच्या भावानं वहिनींना खरंच कधी कुठे नेलं नाही? आईनं नळ बंद केला, ऐकायला.

“काय म्हणाले बाबा?”

“म्हणाले, नाही नेलं. मनात होतं त्याच्या, पण ते मनातच राहिलं. त्याला वाटायचं, ही काय, आहेच, नेईन केव्हाही. पाहुणे गेल्यावरही हे तिथेच बसून राहिलेत. जेवा म्हटलं तर म्हणतात, भूक नाही. आता काय बोलू मी त्यांना? चाळीस वर्षांत मला जे ऐकवलं नाही ते त्या बाईला सांगितलं, आणि तेही मेल्यावर.”

माघार घेण्याची मुदत संपली. पत्र आलं नाही. काकूंचा जावई नको म्हणत होता, पण काका म्हणाले म्हणे, त्या घरी जाऊन आलोय मी, आता मागे फिरणार नाही. माझं नाव हॉलमधल्या बोर्डावर राहिलं, खोली राहिली. मला आनंद झाला. लाज वाटली नंतर, आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.

बाबा आपणहून कधी फोन करत नाहीत. करायचाच तर आईकडून लावून घेतात. त्या दिवशी त्यांनी स्वतः केला. मागे आईची भांडी वाजत होती.

“ती गोष्ट सांगतोस का अजून?”

“नाही, बाबा. बंद केली. दुसरी काहीतरी बघतो.”

“बंद कशाला करतोस. पोटाचा प्रश्न आहे तुझ्या. सांग तू. फक्त एक बदल कर त्यात.”

“काय?”

ते खाकरले. “तिकिटं काढली होती म्हण. दोघांची. गेल्यावर शर्टाच्या खिशात सापडली म्हण.” मग पुन्हा म्हणाले, “एवढं तरी घाल. अगदीच काही केलं नाही असं नको वाटायला लोकांना.”

मला भडभडून आलं. आणि त्याच वेळी, देवाशप्पथ सांगतो, माझ्या डोक्यातला विक्रेता म्हणाला, हे चालणार. माझी मलाच किळस आली, पण तो म्हणाला ते म्हणालाच.

आणि चाललं. दुसऱ्याच टेबलावर बायको रडली ती रडलीच, नवऱ्यालाही हुंदका आवरेना. त्या आठवड्यात माझ्यासाठी तीनदा घंटा वाजली. ढोल मागे उभा राहून ऐकत होता. त्यानं सगळ्यांना बोलावून तिकिटांचं शिकवलं, टेबल बडवून. आत्यावाल्यानं आत्या सोडली, भाऊवाल्यानं भाऊ. आता बाकावर बसलो की आजूबाजूच्या टेबलांवरून मला ऐकू येतं. कुणाकुणाच्या भाषेत, कुणाकुणाचे म्हणून, पण जातात ते माझेच वडील. मी उठतो आणि पाणी प्यायला जातो.

कमिशन हातात आलं त्या दिवशी मी जिन्यातून घरी फोन केला. आईनं तो स्पीकरवर टाकला.

“बाबा, तुम्ही दोघं या इकडे. मी सगळं करतो. समुद्रासमोरची खोली देतो.”

“तिथे कसा येऊ मी?” बाबा म्हणाले. “तिथे मी वारलोय.”

“असं काय बोलता. कोण ओळखतं तुम्हाला?”

“त्या बाई नाही का येणार दरवर्षी? तूच विकलंस ना जन्मभरासाठी.” ते रागानं बोलत नव्हते, हिशेब सांगावा तसे सांगत होते. “आणि तुझा तो साहेब? त्याला काय सांगशील, हा कोण?”

“मग मोठा भाऊ म्हणून या. काका म्हणून.”

“एकदा झालो मी माझा भाऊ. पुन्हा नाही होणार. अवघड असतं ते. समोरची माणसं आपल्याबद्दल चांगलं बोलतात आणि आपल्याला नुसती मान हलवावी लागते.”

“मग दुसरीकडे जाऊ. दुसऱ्या कुठल्या तरी समुद्रावर.”

“माझा बघून झाला. त्या बाईंनी दाखवला, सगळा. तू आईला ने. ती बसलीय इथेच समोर, विचार तिला.”

फोनमधून खालच्या गिरणीचा आवाज येत होता. मी म्हणालो, “आई, येतेस ना? एकटी ये, मी विमानतळावर असेन.”

“मी एकटी कुठे जाणार नाही,” आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “ज्यानं माझी तिकिटं काढून ठेवली होती, त्याच्याबरोबर जाईन. तो नाही आला तर नाही बघायचा मला समुद्र.”

तिकडे बाबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी रडत होतो, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून फोन शर्टावर दाबून. वर हॉलमध्ये माझा नंबर पुकारला, मग आणखी एकदा पुकारला. मी पायरीवर बसून होतो. माझं जोडपं दुसऱ्या कुणाला तरी गेलं.